प्रौढांतील अवधान-न्यूनता : दोष, गुण आणि आपले कर्तव्य

चिकित्सालयात अधूनमधून असा एक रुग्ण येतो, की ज्याची प्रश्नपरीक्षा संपली तरी व्याधीचे नाव हाती लागत नाही. वय तिशी-चाळिशीचे, अग्नी बरा, मलप्रवृत्ती प्राकृत, रक्ताचे अहवाल निर्दोष. तक्रार एवढीच, की ‘डॉक्टर, कामात लक्ष लागत नाही, डोक्यासाठी एखादे चांगले टॉनिक द्या.’ अधिक विचारले असता कळते, की कार्यालयातील कागद वेळेवर पुरे होत नाहीत, खिशात पैसे असूनही विजेचे बिल थकते, गाडीची किल्ली रोज शोधावी लागते, दहा वर्षांत पाच नोकऱ्या झाल्या आणि ‘मुलगा हुशार आहे, पण मन लावत नाही’ हा शाळेतील शेरा आजतागायत पाठ सोडत नाही.

आपण अशा रुग्णास ब्राह्मीयुक्त एखादी वटी, रात्री डोक्यास लावावयास तेल आणि मन एकाग्र करण्याचा उपदेश देऊन त्याची बोळवण करतो. पुढील महिन्यात तो येत नाही. तो बरा झाला असावा, असे आपण समजतो. वस्तुतः आणखी एक उपाय फसला, अशी नोंद त्याने मनात करून ठेवलेली असते. आणि उपाय फसले म्हणजे दोष आपल्या स्वभावातच आहे, ही त्याची समजूत दृढ झालेली असते. ही चूक आमच्या हातूनही झाली आहे, हे प्रारंभीच मान्य केलेले बरे.

अशा सर्वच रुग्णांना नव्हे, परंतु त्यांतील काहींना अवधान-न्यूनता व अतिचंचलता हा विकार असतो. ‘एडीएचडी’ या संक्षिप्त नावाने तो सर्वत्र परिचित आहे. प्रस्तुत लेखात त्याचे प्रौढावस्थेतील स्वरूप, त्यासंबंधीचा आयुर्वेदीय विचार, कार्यक्षेत्रात दिसणारे त्याचे गुण आणि वैद्य व औषध विक्रेते या नात्याने आपले कर्तव्य यांचा विचार केला आहे.

संकल्पनेचा इतिहास

हा विकार नव्या युगाने निर्माण केला, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्राइटन यांनी १७९८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चित्त एका विषयावर न ठरण्याच्या अवस्थेचे वर्णन केले आहे. १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये दिलेल्या व्याख्यानांत बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी बुद्धी चांगली असूनही स्वतःस आवरू न शकणाऱ्या मुलांची माहिती मांडली. मात्र त्यास त्यांनी नैतिक नियंत्रणाचा दोष मानले. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांना असे आढळले, की बेन्झेड्रीन हे उत्तेजक द्रव्य दिल्यावर काही मुले अधिक चंचल होण्याऐवजी स्थिर होऊन अभ्यासात रमतात. तेव्हापासून या विकाराकडे शिस्तीचा नव्हे, तर मेंदूच्या कार्याचा प्रश्न म्हणून पाहण्यास आरंभ झाला.

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानसूचीत १९६८ साली यास बालपणातील अतिचंचल प्रतिक्रिया असे नाव होते व वय वाढेल तशी ती कमी होते, असे मानले जाई. १९८० च्या आवृत्तीत भर अतिचंचलतेवरून अवधानाकडे वळला. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने प्रौढांसाठी निकष स्पष्ट केले : सतरा वा त्याहून अधिक वर्षांच्या व्यक्तीत अवधानाची अथवा चंचलता-उतावळेपणाची किमान पाच लक्षणे, त्यांपैकी काहींचा आरंभ बाराव्या वर्षापूर्वी, एकाहून अधिक ठिकाणी त्यांचे दर्शन आणि त्यांमुळे व्यवहारात प्रत्यक्ष बाधा. म्हणजे ‘मोठेपणी आपोआप जाते’ हा समज शास्त्राने सोडला आहे. अनेकांत लक्षणांचे रूप पालटते. परंतु त्रास राहतो.

प्रौढावस्थेतील स्वरूप

बाल्यावस्थेत वर्गात धावणारा मुलगा प्रौढपणी बैठकीत धावत नाही. त्याची चंचलता आत वळते. पाय हलत राहतो, मनात एकाच वेळी चार विचार चालतात, समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधी उत्तर तोंडून जाते. काम हाती घेण्याचा उत्साह मोठा, पण ते शेवटास नेताना दम सुटतो. वेळेचा अंदाज चुकतो. ‘पाच मिनिटांचे काम’ तास खाते. रस्त्यावरील अपघातांचे प्रमाणही या विकारात अधिक आढळते. म्हणून दुचाकीवरून दूर जाणाऱ्या रुग्णास त्याविषयी अवश्य विचारावे.

या विकारातील सर्वांत फसवे लक्षण असे, की अवधान मुळीच नसते असे नाही. ते इच्छेनुसार वळवता येत नाही. जो मनुष्य दहा ओळींचा अर्ज आठवडाभर लिहीत नाही, तोच बिघडलेले यंत्र उघडून रात्रीचे दोन वाजेपर्यंत जेवणाची शुद्ध न ठेवता बसतो. कुटुंबीय म्हणतात, ‘मनात आणले तर सगळे करतो.’ हे वाक्य रुग्णास जितके लागते, तितके दुसरे कोणतेही लागत नसावे. कारण मनात आणण्याचीच तर अडचण असते. रस, नावीन्य किंवा निकड यांपैकी काही असल्यावाचून त्याचे मन कार्यास जुंपले जात नाही.

निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून प्रौढांमध्ये याचे प्रमाण सुमारे अडीच टक्के धरले जाते. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा सत्तर ते ऐंशी टक्के आढळतो. त्यामुळे मुलाचे निदान होत असताना ‘मीही असाच होतो’ असे वडिलांच्या ध्यानात येणे, हा प्रौढ निदानाचा एक नेहमीचा मार्ग आहे. स्त्रियांच्या बाबतीत अधिक सावध असावे. त्यांच्यात उघड चंचलता कमी व अनवधान अधिक असल्याने बालपणी कोणाचे लक्ष जात नाही. पुढे नोकरी व संसार यांचा भार एकदम वाढला, की त्या चिंता, थकवा, निद्रानाश अशा तक्रारी घेऊन येतात आणि मूळ गोष्ट झाकलेली राहते.

आयुर्वेदीय विचार

या विकारास ग्रंथोक्त एखाद्या व्याधीचे नाव देऊन मोकळे होण्याचा मोह टाळावा, असे आम्हांस वाटते. उन्मादात अंतर्भाव करणाऱ्यांनी उन्मादाची व्याप्ती पुन्हा पाहावी. मन, बुद्धी, संज्ञा, स्मृती, शील, आचार अशा सर्वांचा विभ्रम जेथे अपेक्षित आहे, तेथे वेळेवर बिल न भरणारा, परंतु बुद्धीने स्वच्छ असलेला मनुष्य बसविणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

अधिक उपयुक्त विचार मनाच्या कर्मांच्या वर्णनात सापडतो. चरकांनी शारीरस्थानात इंद्रियांचे नियमन व मनाचे स्वतःचे नियमन ही मनाची कर्मे सांगितली आहेत, तसेच धी, धृती व स्मृती यांचा स्वतंत्र विचार केला आहे. विषयाकडे धावणाऱ्या मनास आवरून धरणारी ती धृती. आमच्या मते या रुग्णांत धी बहुधा उत्तम असते; धृती अस्थिर असते, आणि स्मृती नष्ट झालेली नसून योग्य क्षणी उपस्थित होत नाही. हा भेद रुग्णास समजावून सांगितला, तरी त्याच्या मनावरील मोठे ओझे उतरते. प्रज्ञापराध या शब्दातील ‘अपराध’ मात्र त्याच्या माथी मारू नये.

दुसरा विचार प्रकृतीचा. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वातल पुरुषाचे वर्णन करताना चरकांनी वायूच्या शीघ्र गुणामुळे कार्यास त्वरित आरंभ करणे, ऐकलेले चटकन ग्रहण करणे आणि स्मृती अल्प असणे ही लक्षणे एकत्रच सांगितली आहेत. यातील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. त्वरित ग्रहण हा गुण व अल्प स्मृती हा दोष हे दोन निरनिराळ्या मुळांचे अंकुर नव्हेत. एकाच शीघ्रत्वाची ती दोन रूपे आहेत. अर्थात प्रत्येक वातल व्यक्तीस हा विकार असतो, असे मुळीच नाही. प्रकृती ही व्याधी नव्हे. परंतु गुण व दोष एका ठिकाणी पाहण्याची जी दृष्टी आपणांस परंपरेने मिळाली आहे, ती या विषयात विशेष उपयोगी पडते.

कार्यक्षेत्रातील गुण

अलीकडे या विकारास ‘वरदान’ म्हणण्याची एक रीत पडली आहे. ती रुग्णास क्षणभर सुखावते, परंतु सत्य अर्धेच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने दहा देशांतील कामकरी लोकांची जी पाहणी झाली व २००८ साली प्रसिद्ध झाली, तीत सुमारे साडेतीन टक्के व्यक्तींत हा विकार आढळला आणि अशा व्यक्तींचे कामाचे वर्षाकाठी सरासरी बावीस दिवस इतरांपेक्षा अधिक वाया जात असल्याचे दिसले. त्या दहा देशांत भारताचा समावेश नव्हता. तथापि, बावीस दिवस म्हणजे जवळजवळ एका महिन्याचे काम, ही गोष्ट कोणत्याही मालकास व नोकरास समजण्यासारखी आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. व्हाइट व शहा या संशोधिकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा विकार असलेले तरुण एका वस्तूचे अनेक नवे उपयोग सुचविण्यात इतरांहून सरस ठरले. मात्र विखुरलेल्या शब्दांतून एकच नेमके उत्तर शोधण्याच्या चाचणीत ते मागे पडले. २०१९ साली इंग्लंडमधील संशोधकांनी हा विकार असूनही यशस्वी झालेल्या सहा पुरुषांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. विचारांची गतिमानता, धाडस, उत्साह, माणुसकी व पडल्यावर पुन्हा उठण्याची शक्ती असे गुण त्यांतून पुढे आले. सहा ही संख्या लहान आहे, हे विसरता कामा नये. परंतु चिकित्सकास दिशा दाखविण्यास ती पुरेशी आहे. जेटब्लू या अमेरिकन विमान कंपनीचे संस्थापक डेव्हिड नीलमन यांनी आपणांस हा विकार असल्याचे जाहीरपणे सांगितले आहे. अशा एका नावावरून सर्वांचे भविष्य वर्तविता येत नाही. निदान झाले म्हणजे कर्तृत्व संपले, ही भीती मात्र त्यावरून दूर होते.

तात्पर्य, हे गुण खरे आहेत, परंतु ते कामाच्या जागेवर अवलंबून असतात. जे बीज एका भूमीत तण ठरते, तेच दुसऱ्या भूमीत पीक ठरते. आपल्या परिचयाच्या क्षेत्रातून याचे एक चित्र पाहू. ते कोणा एका व्यक्तीचे नसून प्रातिनिधिक आहे.

एका औषधाच्या दुकानात एक तरुण साहाय्यक आहे. गल्ल्यासमोर गर्दी झाली, की त्याची कळी खुलते. कोणत्या आजोबांना कोणती गोळी लागते, हे चिठ्ठी पाहण्यापूर्वी त्याच्या ध्यानात असते. एखादे औषध बाजारात मिळेनासे झाले, की चार घाऊक विक्रेत्यांना दूरध्वनी करून तो ते सायंकाळपर्यंत मिळवितो. परंतु संपलेल्या मालाची नोंद शॉर्ट बुकात करावयाची राहते, मुदत संपलेला माल स्टॉकिस्टकडे वेळेवर परत जात नाही, क्रेडिट नोट कोठे ठेवली ते सापडत नाही. महिनाअखेरीस मालकाच्या हाती तोटा येतो आणि ते त्यास काढून टाकण्याच्या विचारात असतात.

येथे ‘मुलगा निष्काळजी आहे’ व ‘मुलगा गुणी आहे’ ही दोन्ही वाक्ये अपुरी आहेत. मुदतीच्या मालाची तपासणी ठरावीक दिवशी दुसऱ्या सहकाऱ्याकडे सोपविली, शॉर्ट बुक गल्ल्याशेजारी दोरीने बांधून ठेवले, सूचना तोंडी न देता एका वेळी एकच व लिहून दिली, लांब मुदतीच्या कामाचे दिवसागणिक तुकडे केले आणि ग्राहक व पुरवठा ही कामे त्याच्याकडे ठेवली, तर तोच साहाय्यक दुकानाचा आधार ठरतो. मात्र औषध देताना नाव व मात्रा यांची दुसऱ्याने पडताळणी करणे ही शिस्त कोणाच्याही गुणांसाठी शिथिल करू नये. तेथे चूक झाल्यास किंमत रुग्ण मोजतो. आणखी एक गोष्ट : मालकाने नोकराचे निदान करावयाचे नसते. कामाची मांडणी बदलण्यास निदानाची आवश्यकता नाही. तपासणीस जावे की नाही, हा त्या व्यक्तीचा निर्णय आहे.

वैद्याने काय करावे

प्रथम, पूर्वेतिहास घ्यावा. लक्षणे बाराव्या वर्षापूर्वीची आहेत काय, हा कळीचा प्रश्न होय. शक्य तेथे आई-वडिलांकडून माहिती घ्यावी, जुनी प्रगतिपुस्तके पाहावीत. चाळिशीत नव्याने उद्भवलेले अनवधान बहुधा अन्य कारणाचे असते. अवटु ग्रंथीचे विकार, पांडू, घोरण्यासह खंडित होणारी निद्रा, विषाद, चिंता, मद्य व ऋतुनिवृत्तीचा काळ यांचा विचार आधी करावा. तंबाखू, मशेरी व चहा यांचे प्रमाण आवर्जून विचारावे. या विकारात तंबाखूचे सेवन अधिक आढळते व काही जण नकळत तिचा उपयोग एकाग्रतेसाठी करीत असतात.

द्वितीय, जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तयार झालेली सहा प्रश्नांची स्व-प्रश्नावली चाळणी म्हणून वापरता येते. चार वा अधिक उत्तरे ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास पुढील तपासणी आवश्यक समजावी. ती चाळणी आहे, निदान नव्हे. निदान मनोविकारतज्ज्ञाकडून व्हावे व त्यासाठी रुग्णास स्वहस्ते चिठ्ठी देऊन पाठवावे. जवळपास तज्ज्ञ नसल्यास शासनाची ‘टेलि-मानस’ ही १४४१६ या क्रमांकावरील सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे.

तृतीय, तज्ज्ञाने सुरू केलेले मिथिलफेनिडेट वा अ‍ॅटोमॉक्सेटिन ‘गरम पडते’ म्हणून आपण बंद करावयास सांगू नये. मिथिलफेनिडेटसारख्या उत्तेजक औषधांचा प्रौढांतील परिणाम सुस्थापित आहे. त्यांमुळे अरुची, निद्रानाश, नाडीची गती व रक्तदाब वाढणे हे उपद्रव होऊ शकतात. ते नोंदवून तज्ज्ञास कळविणे हे आपले काम आहे, कारण रुग्ण आपणांस अधिक वेळा भेटतो.

चतुर्थ, आपल्या औषधांविषयी प्रामाणिक राहावे. चरकोक्त मेध्य रसायने चार : मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी. ब्राह्मीचा स्मृतीवरील परिणाम काही चाचण्यांत अनुकूल दिसला आहे. परंतु प्रौढांतील या विकारात ही द्रव्ये स्वतंत्रपणे पुरेशी आहेत, असे म्हणण्याइतका आधार आज नाही. ती पूरक म्हणून द्यावीत व जोडीस काय चालू आहे ते पाहावे. यष्टिमधु दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढतो. उत्तेजक औषध चालू असलेल्या रुग्णात ही बाब दुहेरी महत्त्वाची ठरते. शंखपुष्पीयुक्त पाठामुळे फेनिटॉइन या अपस्मारावरील औषधाची रक्तातील पातळी घटते, हे मुंबईच्या संशोधकांनी १९९२ साली दाखवून दिले आहे. पारद, हरताळ व मनःशिळा असलेला स्मृतिसागर रस ‘स्मृती’ या नावावरून देऊ नये. त्याचा अधिकार, मात्रा व कालमर्यादा वैद्याने स्वतः ठरवावी.

पंचम, सत्त्वावजयाचा अर्थ उपदेश असा करू नये. ज्याची धृती अस्थिर आहे, त्यास ‘धीर धर’ म्हणणे म्हणजे पंगूस चालावयास सांगणे होय. धृतीस बाहेरून आधार द्यावा : किल्लीसाठी दारालगत एकच खुंटी, एकच वही, गजर, शेजारी बसून काम करणारा सहकारी, ठरलेली झोप, सकाळचा व्यायाम व अभ्यंग. येथे दिनचर्येचे आपले शास्त्र खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. मात्र एका वेळी एकच सवय सांगावी. बारा नियमांचा कागद हा रुग्ण पहिल्या दिवशीच हरवतो.

औषध विक्रेत्यांसाठी

मिथिलफेनिडेट हे औषध नियमांच्या ‘एक्स’ परिशिष्टात मोडते. त्यासाठी स्वतंत्र परवाना, दोन प्रतींतील चिठ्ठी, त्यांतील एक प्रत दोन वर्षे जपून ठेवणे व माल कुलपात ठेवणे बंधनकारक आहे. परीक्षेच्या दिवसांत ‘अभ्यासाची गोळी’ म्हणून कोणी मागितली, तर ठाम नकार द्यावा. परंतु रीतसर चिठ्ठी घेऊन आलेल्या प्रौढाकडे संशयाने पाहू नये. तो आधीच संकोचाने आलेला असतो. गर्दीत मोठ्याने केलेली चौकशी त्याचे उपचार थांबवू शकते.

तसेच, ‘एकाग्रतेचा विकार हमखास बरा’ अशा पाट्या लावू नयेत. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याच्या परिशिष्टात मेंदूच्या विकारांचा समावेश आहे. कायद्याचा धाक बाजूस ठेवला, तरी अनेक उपाय फसलेल्या मनुष्यास आणखी एक खोटी आशा विकणे आपल्या व्यवसायास शोभणारे नाही.

उपसंहार

या विकारातील मनुष्याने आयुष्यभर एकच गोष्ट ऐकलेली असते, की त्याच्यात इच्छाशक्ती कमी आहे. आपल्याकडून त्यास दोन गोष्टी मिळाव्यात. एक, त्याच्या अडचणीस नाव आहे व तिच्यावर उपचार आहेत. दुसरी, त्याच्या शीघ्रतेत जे चांगले आहे, त्यास योग्य जागा मिळाली तर ते कामी येते. पहिलीवाचून दुसरी सांगणे ही खुशामत, आणि दुसरीवाचून पहिली सांगणे हा अर्धाच उपचार. यापुढे ‘डोक्यासाठी काहीतरी द्या’ असे कोणी म्हणाले, तर वटीची बाटली उघडण्यापूर्वी आपण एवढेच विचारावे : ‘लहानपणीही असेच होत असे का?’ त्या प्रश्नाच्या उत्तरात पुष्कळदा एका मनुष्याच्या तीस वर्षांचा उलगडा दडलेला असतो.